भिंगाचे काटे आणि झाकलेली पाटी

माझ्या नवऱ्याला घाई फार. सुपारी पिवळी व्हायच्या आत तो व्यापाऱ्याला फोन लावतो, आणि माझी परीक्षा चार महिन्यांवर असताना त्याने घराच्या बाहेरच्या खोलीवर माझी पाटी लावून टाकली.

"गणपतीच्या दिवसांत पेंटर मिळत नाही," असं त्याचं म्हणणं.

निळी पाटी, पांढरी अक्षरं. वर माझं नाव, खाली 'व्यवसायोपचार तज्ज्ञ', त्याखाली 'नोंदणी क्रमांक' आणि पुढे रिकामी जागा. मी मुंबईहून शनिवारी रात्री आले, रविवारी सकाळी दात घासत अंगणात गेले आणि ती पाटी बघून पेस्टच गिळली.

"अहो, मी अजून पास झालेले नाही!"

"होशील की."

"आणि नाही झाले तर?"

यावर त्याने गड्याला हाक मारली, सुपारीचं रिकामं पोतं मागवलं, ते पाटीवर चढवलं आणि काथ्याच्या दोरीने करकचून बांधून टाकलं. झालं! उघड्या पाटीकडे श्रीवर्धनात कुणी ढुंकून बघितलं नसतं. झाकलेल्या पाटीने गाव गोळा केलं. "वहिनी, मूर्ती कधी उघडणार?" "आत काय आहे हो, दारूचं दुकान?" एका शेजारणीने तर पोत्याचं भोक बोटाने मोठं करून आत बघितलं आणि बातमी फोडली: सेहेचाळिसाव्या वर्षी ही बाई डॉक्टर होणार म्हणे, पण अजून झालेली नाही.

म्हणजे मी नापास झाले असते तर ते पोतं तसंच राहिलं असतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने पुढची वीस वर्षं ते दाखवलं असतं. आमच्याकडे लोक आठवण फार प्रेमाने जपतात.

मी डॉक्टर नाही, हे मी गावाला अजूनही समजावते आहे. व्यवसायोपचार म्हणजे काय, तर हात-पाय, डोकं, काहीही दुखावलेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं. हात वर उचलायला दुसरे लोक शिकवतात. तो उचलून करायचं काय, केस विंचरायचे की दळण ठेवायचं, हे आम्ही विचारतो. याची पदवी मी तेविसाव्या वर्षीच मुंबईत घेतली होती. मग लग्न झालं, सुपारीच्या बागेत आले, दोन मुलगे झाले, आणि परवाना देणाऱ्या परिषदेच्या नोंदवहीतलं माझं नाव नूतनीकरणाअभावी कधी पुसलं गेलं ते मला कळलंही नाही. वीस वर्षं मी घर सांभाळलं आणि गणेशोत्सवात महिला मंडळाच्या नाटकात दरवर्षी दुष्ट सासू केली. ती भूमिका अजून कुणाला मिळालेली नाही, मिळणारही नाही.

धाकटा कॉलेजला गेला आणि मी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. पुन्हा हे काम करायचं तर पदव्युत्तर शिक्षण घेऊनच परवाना मागायचा, असं मी स्वतःला बजावलं होतं. वीस वर्षं गंजलेल्या हातांनी दुसऱ्याच्या हाताला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

वर्गात सगळी तेवीस-चोवीस वर्षांची. पहिल्या दिवशी मी आत गेले तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. मीही लगेच "बसा, बसा" म्हटलं आणि पाच मिनिटं हजेरी घेतली. तेवढ्यात खऱ्या बाई आल्या.

आणि खऱ्या बाई कोण? माझ्याच कॉलेजातली, माझ्या मागच्या वर्गातली मुलगी! ती नवी आली तेव्हा आम्ही मोठ्यांनी तिची गंमत केली होती. मी तिला टेबलावर उभं करून वांगी विकायला लावली होती. तेव्हा ती रडवेली झाली होती आणि मी हसून खाली पडले होते. आता ती विभागप्रमुख, माझ्या प्रबंधाची मार्गदर्शक, आणि तिच्या चष्म्याला सोनेरी दांड्या.

तिने हजेरीपट घेतला, माझं नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं.

"ओळखलंत?" मी विचारलं. माझा आवाज नाटकातल्या सासूचा नव्हता, सुनेचा होता.

"वांगी घ्या वांगी," ती अगदी हळू म्हणाली, आणि शिकवायला लागली.

पुढची तीन वर्षं तिने मला जे पिळलं, त्याला सूड म्हणावं की शिक्षण, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिने सहा वेळा परत केलं. सहाव्यांदा फक्त एक शेरा होता: 'हे तुम्ही लिहिलंय, की तुमच्या पुस्तकाने?'

त्या शेऱ्यावर चिडूनच मी त्या शनिवारी घरी आले आणि रविवारी मासळीबाजारात गेले. तिथे मला कळलं की माझी मावशी बाजारात बसत नाही.

ही माझी सख्खी मावशी नव्हे. दिघीहून पहिल्या एसटीने टोपली घेऊन येणारी कोळीण. लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून मी तिच्याकडून मासे घेत आले आणि प्रत्येक वेळी तिच्याशी भांडत आले. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र मागे राहिला होता.

मी दिघीला तिच्या घरी गेले. ती दारात बसली होती, पुढ्यात ताट. ताटात वरणभात.

"मावशी, रविवारी वरणभात?"

"मग काय करू गो? आमच्यात उजव्या हातानं जेवतात. हा हात काटा धरत न्हाय. सून काटं काढून भरवती." तिने मान फिरवली. "तीस वर्सं मासं इकलं मी. आता मला मांजरासारखं पुढ्यात टाकतात. म्हटलं, नको. सोडलं मासं."

माझ्या पिशवीत आमचा तपासणीचा छापील तक्ता होता. त्यात प्रश्न: रुग्णाला सुरी-चमच्याने जेवता येते का? अन्न कापून देण्यास मदत लागते का? मी तो प्रश्न मावशीला वाचून दाखवला.

ती हसली. झटक्यानंतर पहिल्यांदाच हसली, असं सून म्हणाली. "सुरी आन् चमचा? भिंगाला? ज्यानं हे लिवलं त्याला आन हितं. जेवाय बसव."

भिंग हा मासा ज्यांनी खाल्लेला नाही, त्यांच्यासाठी सांगते: चव अशी की भांडणं मिटावीत, आणि आत बारीक काट्यांचं अख्खं जंगल. तो डोळ्यांनी खाता येत नाही. अंगठा आणि पहिल्या बोटाने घास चाचपायचा, काटा लागला की ओढून ताटाच्या कडेला ठेवायचा. बोटांची ताकद, नेमकेपणा, स्पर्शाची जाण, सगळं एका घासात. आमच्या विभागात हेच सगळं मोजायला खिळ्यांचे बोर्ड आणि प्लास्टिकचे शंकू होते. दिघीच्या त्या दारात मला माझा प्रबंध दिसला. मी माशांची शिडी करणार होते! सोप्या माशापासून भिंगापर्यंत, एकेक पायरी, आणि मोजमाप काटेकोर.

सोमवारी बाईंनी ते ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"हे तुम्ही लिहिलंय," म्हणाल्या.

मग परवानग्या. मावशीला गिळायला त्रास नाही, हे डॉक्टरांकडून तपासून घेतलं. नीतिसमितीच्या अर्जात 'संभाव्य धोका' या रकान्यात मी 'काटा घशात अडकणे' लिहिलं, आणि 'उपाय' या रकान्यात सवयीने 'कोरड्या भाताचा मोठा घास'. समितीने तो लाल शाईने खोडला आणि 'तात्काळ डॉक्टर' असं लिहून पाठवलं. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'आमच्याकडे केळं.'

माझी शिडी बोंबलापासून सुरू होत होती. बोंबलाचा काटा मऊ, म्हणजे सगळ्यात सोपा, असा माझा हुशार तर्क. मावशीच्या ताटात ताजा बोंबील वाढला. तो तिच्या बोटांतून निसटला, ताटातून निसटला आणि माझ्या मांडीवर येऊन पडला.

"वीस वर्सं मासं खातेस," मावशी म्हणाली, "आन् तुला हे कळत न्हाय? बोंबील म्हंजे साबण. दुबळ्या हाताला आधी सुरमई दे. मोठा काटा, मधोमध, सरळ. मग पापलेट. मग बांगडा. तारली त्याच्यानंतर. बोंबील तारलीच्या पुढं ठेव. लिव!"

मी लिहिलं. माझ्या प्रबंधातला तो क्रम आहे ना, ज्याचं पुढे इतकं कौतुक झालं, तो मावशीने डावा हात नाचवत सांगितलेला आहे, आणि ऋणनिर्देशात तसं स्पष्ट छापलंही आहे.

अर्धांगाने दुबळे झालेले आणखीही काही हात मिळाले. दहा-बारा जण झाले. दर पंधरा दिवसांनी मी घरी आले की दिघीला जायचे. सुरमईला दोन महिने लागले. बांगड्यावर ती अडकली, रडली, मला आणि माझ्या कॉलेजला शिव्या दिल्या, ताट सरकवलं आणि पुढच्या खेपेला दोन बांगडे जास्त तळून बसली. तारली आली. बोंबील आला. शेवटी एका दुपारी भिंगाचा तुकडा तिने एकटीने साफ केला. घर गप्प होतं, सगळे श्वास रोखून बघत होते. मी टाळी वाजवली.

"गप," ती म्हणाली. "असं मुक्यानं कोण जेवतं? आमच्यात जेवताना बोलतात. बोलाय गेलं की हात थांबतो माझा."

खरंच! ती बोलली की बोटं थबकत आणि बोटं चालली की ती मुकी होई. मी शिडीला शेवटची पायरी जोडली: भिंग, गप्पा मारत. ती पायरी तिला कधी जमे, कधी नाही. परीक्षेच्या आदल्या रविवारीसुद्धा नाही जमली.

आणि परीक्षेत नेमकी तीच मागितली गेली.

रुग्ण म्हणून मावशी आदल्या दिवशी मुंबईला आली. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून एसटी, सोबत सून आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फातलं भिंग. सकाळी आमच्या विभागाच्या सरावाच्या स्वयंपाकघरात मी ते तळलं. वासाने वरच्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर खाली आले, 'सहज'. बाहेरून आलेले परीक्षक मात्र दारातच थांबले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला. ते पूर्ण शाकाहारी होते. लसूणसुद्धा नाही.

त्यांनी प्रबंध चाळला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "ही अखेरची पायरी दाखवा. दहा मिनिटं. रुग्णाला तुम्ही सूचना द्यायची नाही, हात लावायचा नाही. संभाषण आम्ही करू."

मावशी नवं लुगडं नेसून, केसात फुलं माळून बसली होती. समोर ताट. एका बाजूला ते, एका बाजूला सोनेरी दांड्यांच्या बाई, मागे भिंतीला चिकटलेला माझा सगळा वर्ग.

"आजी, आपण कुठून आलात?" परीक्षकांनी रुमालातून विचारलं.

"दिघी, साहेब." एवढासा आवाज. बोटं थांबली.

"प्रवास कसा झाला?"

"बरा झाला, साहेब."

अंगठा ताठ व्हायला लागला. ही बाई, जिच्या आरोळीने बाजारातली कुत्री उठत, ती साहेब-साहेब करत शाळकरी पोरीसारखी आक्रसत चालली होती. तीन मिनिटं गेली, चार गेली. ताटाच्या कडेला एकच काटा. माझ्या डोळ्यांसमोर निळी पाटी नव्हती, पोतं होतं. पोत्याचं भोकसुद्धा दिसत होतं.

सूचना द्यायची नाही. हात लावायचा नाही. भाव पाडायचा नाही, असं मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

मी कमरेवर हात ठेवला. दुष्ट सासू अंगात आली.

"मावशी, हे भिंग शिळं दिसतंय."

मान वर झाली. "काय बोललीस?"

"शिळं. डोळे आत गेले होते. मी तळताना बघितलं ना."

"तुझं डोळं गेलं आत! काल होडीतनं उतरलंय ते, बर्फात घालून मांडीवर आणलंय!"

"असेल. पण मुंबईत याहून ताजं मिळतं."

सुनेने डोळे मिटून घेतले, तिला पुढचं ठाऊक होतं.

"मुंबईत?" मावशी म्हणाली. "मुंबईत! अगो, मुंबईला मासं कोण देतं? तुझा बापूस? वीस वर्सं माझ्याकडनं नेतेस, एक दिवस शिळं दिलं? साहेब, ही लगीन होऊन आली तवा हिला बांगडा कंचा, तारली कंची ठावं न्हवतं. सासूनं सांगितली सुरमई, आन् ही हलका कुपा मासा उचलून चाललेली! म्या हाक मारून परत आणली, न्हायतर सासूनं हिलाच तळली असती!"

"तो कुपा तूच मला दाखवला होतास!"

"म्या? देवाची आण घे! घे आण!"

आणि हात? हात चालला होता. अंगठा आणि बोट आपसूक घास चाचपत होते, काटा उपसत होते, कडेला ठेवत होते, आणि मावशीला त्याचा पत्ताही नव्हता, कारण ती माझे वाभाडे काढण्यात गुंतली होती. मी अजून एकदा भाव पाडला. तिने माझ्या माहेराला हात घातला. परीक्षकांचा रुमाल कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही. ते ताटाकडे बघत होते. काट्यांची रास झाली होती, बारीक, स्वच्छ, एका ओळीत. मावशीने शेवटचा घास तोंडात टाकला, बोट चाटलं आणि मगच खाली बघितलं.

"अगो बाय," ती म्हणाली. "संपलं?"

सव्वाआठ मिनिटं.

परीक्षक बाईंकडे वळले. "विद्यार्थिनीने रुग्णाला सूचना दिली, असं म्हणायचं का?"

"नाही सर," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "घासाघीस झाली. त्या भागात हेच संभाषण." मग माझ्या बाजूला किंचित झुकून, ओठ न हलवता: "वांगी घ्या वांगी."

"ठीक. पण माझ्यासारखा रुग्ण आला तर? शाकाहारी?"

याचं उत्तर मी पाठ करून आले होते. परिशिष्टाचं पूर्ण पान होतं. मी घसा साफ केला, हात पुढे केला, आणि मावशी पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "डाळिंब सोला म्हणावं. मग सीताफळ द्या. बिया काढत बसंल."

परीक्षक हसले. दात दाखवून हसले! त्यांच्या घरी सीताफळाचं झाड होतं, असं त्यांनी नंतर चहा घेताना सांगितलं आणि त्या झाडाबद्दल आम्हाला बरंच ऐकावं लागलं.

निकाल लागला तेव्हा मी विभागाच्या व्हरांड्यात नाचले. वर्गातल्या पोरांनी त्याची चित्रफीत काढून घरी पाठवली, ती नवऱ्याने सगळ्या सुपारीवाल्यांना पाठवली. परिषदेचं पत्र आलं. नोंदवहीत माझं नाव परत चढलं, या वेळी नव्या पदवीसकट. पेंटर आला, पोत्यात डोकं घालून त्याने रिकाम्या जागेत क्रमांक रंगवला, आणि रविवारी पाटी उघडायचं ठरलं.

अर्धं गाव अंगणात. नवरा कोयता घेऊन दोरी कापायला पुढे झाला.

"हात लावू नको, भाऊ," मावशी म्हणाली. ती दिघीहून पहिल्या एसटीने आली होती, टोपलीसकट, कारण दोन महिन्यांपासून ती पुन्हा बाजारात बसत होती.

काथ्याची गाठ खाऱ्या हवेने फुगून दगड झाली होती. मावशी स्टुलावर चढली आणि उजव्या हाताने ती गाठ सोडवायला लागली. चहा निवला. एकाने "कापा ना" म्हटलं तर त्याच्या आजोबांपर्यंतचा उद्धार झाला. ती बोलत राहिली, बोटं चालत राहिली, आणि पोतं सरकन खाली आलं. टाळ्या पडल्या. मी वाकून, पदर सावरून, तिन्ही बाजूंना नमस्कार केला. इतकी वर्षं नाटकं केली, पण असा पडदा माझ्यासाठी कधी वर गेला नव्हता.

गर्दी पांगायच्या आत एक जण पुढे आला. सुपारीच्या झाडावरून पडून त्याचं मनगट आखडलं होतं. तो मावशीलाच विचारायला लागला, कारण खुर्चीवर ती बसली होती.

"गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील?"

"हितं गोळ्या न्हायत." मावशीने त्याचा हात उलटासुलटा करून बघितला. "मासं खातोस?"

त्याने गळ्यातली तुळशीची माळ दाखवली.

मावशी माझ्याकडे वळली. "बघत काय बसलीस? डाळिंब आण."